गुरुवारचा आठवडी बाजार
(फूटीची ओळख : भाग 7)

हिवाळ्यातल्या गुरुवारी संध्याकाळी मेलबर्नहून उपनगराकडे जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसलात, तर डब्यातली बरीच मंडळी फोनमध्ये डोकं खुपसून एकच यादी वर-खाली करताना दिसतील. मध्येच कुणीतरी सुस्कारा टाकतो, कुणी पुटपुटतो, तर समोरच्या सीटवरचा अनोळखी माणूस समजूतदारपणे मान हलवतो. ऑस्ट्रेलियन फूटीच्या आठवड्याअखेरच्या बहुतेक सामन्यांचे संघ गुरुवारी संध्याकाळी जाहीर होतात. आपण ज्याच्यावर भिस्त ठेवली तो आहे की गळाला, हे तेव्हा कळतं आणि फँटसीचा, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर चालणाऱ्या कागदी संघांच्या खेळाचा, बाजार तापतो.

गेल्या भागात आपण सुपरकोच या फँटसी खेळासाठी 1 कोटी डॉलरच्या कागदी खजिन्यातून संघ बांधला होता: मैदानावर 6 बचावपटू, 8 मधल्या फळीतले, 2 रक, 6 आघाडीवीर आणि बाकावर आणखी काही. आता तो मोडायची वेळ आलीय. मार्चमध्ये बांधलेला संघ ऑगस्टपर्यंत तसाच टिकला असं मी तरी पाहिलेलं नाही. गुडघे जातात, मांडीचे स्नायू ताणतात, क्लबचा कोच एखाद्याला उचलून भलत्याच जागी उभं करतो.

बदलीचे, म्हणजे ट्रेडचे, नियम प्रत्येक खेळात वेगळे. एएफएल फँटसी या दुसऱ्या खेळात आठवड्याला सहसा दोन ट्रेड मिळतात. वापरले नाहीत तर वाया गेले, पुढच्या आठवड्याला जमा होत नाहीत. सुपरकोचमध्ये मात्र अख्ख्या हंगामाचा कोटा ठरलेला असतो. पहिला प्रकार रोजंदारीचा, दुसरा वर्षाचं धान्य कणगीत भरून ठेवण्याचा. पहिल्या वर्षी मी सुपरकोचमध्ये रोजंदारीच्या हिशेबाने वागलो. मे महिन्यात दर आठवड्याला काहीतरी खरेदी, काहीतरी विक्री, आणि आपण फार धूर्त आहोत असा समज. जुलैत कणगी रिकामी झाली. ऑगस्टमध्ये माझे तीन खेळाडू जायबंदी झाले आणि त्यांच्या जागी मैदानावर चक्क शून्य उभं राहिलं. इथले लोक या शून्याला ‘डोनट’ म्हणतात. त्या महिन्यात मी बरेच डोनट खाल्ले.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो ती वेळेची. खेळाडूंचे भाव फेरी संपल्यावर बदलतात, मधल्या दिवसांत हलत नाहीत. सोमवारी घ्या की गुरुवारी घ्या, दाम तोच. आणि सोमवार ते गुरुवार या चार दिवसांत काय काय कळत नाही? स्कॅनचा अहवाल येतो, सराव कुणी केला नाही ते कळतं, लवादाने कुणाला बंदी घातली ते कळतं. तरीही रविवारी रात्री, चिडून, दात-ओठ खात केलेले ट्रेड ढिगाने होतात. त्यांना नावच पडलंय ‘रेज ट्रेड’.

2023 च्या ऑगस्टमधलं उदाहरण घ्या. कॉलिंगवुडचा निक डायकॉस त्या हंगामात भल्याभल्यांना ऐकत नव्हता. हॉथॉर्नने त्याच्यामागे फिन मॅगिनेस नावाचा पहारेकरी सोडला. एकाच खेळाडूला सावलीसारखं चिकटायचं, याला टॅगिंग म्हणतात. डायकॉसला पूर्ण सामन्यात अवघ्या 5 वेळा चेंडू मिळाला. त्या रात्री दोन तट पडले असणार. एक म्हणणार, विका. दुसरा म्हणणार, टॅग एका आठवड्याचा असतो, ठेवा. दोघांचेही अंदाज पुढच्या दिवसांत निकामी झाले, कारण त्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला मार बसला होता आणि हाडाला चीर गेली होती. तो थेट प्रीलिमिनरी फायनललाच परत दिसला. आकडा एकच, 5. पण त्यामागचं कारण पहारेकरी, वाईट दिवस की हाड, हे गुण देणाऱ्या यंत्राला ठाऊक नसतं.

आता पैशाकडे वळू, कारण नवख्या माणसाचा खरा गोंधळ इथे उडतो. प्रत्येक खेळाडूचा भाव म्हणजे त्याच्याकडून गृहीत धरलेली सरासरी. सुपरकोचमध्ये खेळाडूचे तीन सामने झाले की भाव हलायला लागतो, आणि तो शेवटच्या तीन सामन्यांवर हलतो. त्यावरून निघतो ‘ब्रेकईव्हन’: भाव जागच्या जागी राहायला पुढच्या सामन्यात किती गुण लागतील तो आकडा. हिशेब ढोबळ सांगतो.

समजा, एका नवोदिताला सरासरी 40 गुण धरून स्वस्तात ठेवलंय. पहिल्या दोन सामन्यांत त्याने 70 आणि 65 केले. भाव टिकायला तीन सामन्यांत मिळून 120 हवेत, आणि 135 तर आधीच झालेत. म्हणजे त्याचा ब्रेकईव्हन उणे 15. पोराने पुढच्या सामन्यात नुसतं मैदानभर हुंदडून घेतलं तरी त्याचा भाव चढणार. आता उलट बाजू. 110 सरासरीच्या भावाचा एक नावाजलेला खेळाडू, मागचे दोन सामने 75 आणि 80. त्याला 330 पूर्ण करायला 175 हवेत. तो 120 करून हिरो ठरला तरी भाव पडणार, आणि त्यातला एक पडका सामना त्याच्या पुढच्या आठवड्यालाही हिशेबात राहणार. गडी चांगला आहे, घ्यायचाच आहे. पण आंबा अजून आढीत आहे. दोन आठवडे थांबा, स्वस्तात मिळेल.

त्या नवोदिताला इथे ‘कॅश काऊ’ म्हणतात. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे आपल्याकडच्या कुणीतरी फँटसी खेळून सांगितलं असावं असा मला दाट संशय आहे. पोरगं 45 गुण करतं, आपण कण्हतो, पण दर आठवड्याला त्याचा भाव वाढतोय तोवर ते गोठ्यात हवंच. अवघड असतं ते गाय भाकड झाल्याचं वेळेवर ओळखणं. भाव 65 सरासरीपर्यंत चढला, पोरगं 50 वर आलं, ब्रेकईव्हन त्याच्या आवाक्याबाहेर गेला, की निघायचं. बहुतेक लोक एक आठवडा उशिरा विकतात, माझ्यासकट. आपण हौसेनं वाढवलेलं पोर विकताना हात अडखळतो.

गाई तयार झाल्या की मग खरा सौदा: एक वर, एक खाली. साडेतीन लाखांवर पोचलेल्या दोन गाई विकल्या, हातात 7 लाख. त्यातून 5 लाख 60 हजारांचा एक अव्वल खेळाडू आणि 1 लाख 20 हजारांचं नवं वासरू. वर 20 हजार शिल्लक. सगळा हंगाम हेच करत राहायचं, जोवर मैदानावरच्या सगळ्या जागा अव्वल खेळाडूंनी भरत नाहीत. तोवर एका अव्वलाच्या बदल्यात तेवढ्याच किमतीचा दुसरा अव्वल घेणं, ज्याला ‘साइडवेज’ म्हणतात, ही मला शुद्ध चैन वाटते. आठवड्याला 5 गुणांचा फायदा, उरलेले सहा आठवडे, एकूण 30 गुण. तोच ट्रेड 55 गुणांच्या पोराच्या जागी 100 वाला आणायला वापरला असता, तर एका आठवड्यातच 45 मिळाले असते.

पण भावाचं गणित कुणीही शिकतो. ते करून देणारी साधनं ढिगाने आहेत. माझ्या मते ट्रेडमधली अक्कल दुसरीकडेच असते. आपण बाजारात माणूस विकत घेत नाही, त्याचं काम विकत घेतो. माणूस तोच राहतो, अंगातली ताकद तीच राहते, आणि काम बदललं की गुण अर्ध्यावर येतात.

ब्रॉडी ग्रंडीची कहाणी ऐका. रक म्हणजे दोन संघांमध्ये चेंडू उंच उडाला की उडी मारून तो आपल्या साथीदाराकडे ढकलणारा उंच गडी. एएफएल फँटसीत प्रत्येक ढकलीला 1 गुण, शिवाय किकला 3, झेलाला 3, टॅकलला 4. ग्रंडी उंच तर होताच, वर मैदानभर धावायचा आणि टॅकलही करायचा. कॉलिंगवुडकडून खेळताना 2018 आणि 2019 अशी लागोपाठ दोन वर्षं तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघात होता. फँटसीत मेलबर्नचा मॅक्स गॉन आणि तो अशी जोडी मार्चमध्ये लावायची आणि विसरून जायचं, असे ते दिवस.

2022 नंतर कॉलिंगवुडने त्याला सोडलं आणि तो गेला कुठे? मेलबर्नला. म्हणजे गॉनच्याच घरी. एका म्यानात दोन तलवारी. 2023 च्या दुसऱ्याच फेरीत गॉनचा गुडघा दुखावला आणि काही आठवडे सगळं काम ग्रंडीकडे आलं. गॉन परतला, तसं ग्रंडीचं काम आटलं. हंगामाच्या उत्तरार्धात तर तो मुख्य संघातून वगळला जाऊन व्हीएफएल या दुय्यम लीगमध्ये खेळत होता. 2024 साठी तो सिडनीला गेला, पुन्हा एकटा मुख्य रक झाला आणि त्या वर्षीच्या ग्रँड फायनलपर्यंत पोचला. तीन वर्षांत ग्रंडी खेळायला विसरला, मग शिकला, असं काही घडलं नाही. बदलली फक्त त्याच्या शेजारची खुर्ची.

म्हणून मी गुरुवारची यादी वाचताना माझ्या खेळाडूचं नाव नंतर शोधतो. आधी त्याच्या क्लबमध्ये कोण परत येतंय ते बघतो. मधल्या फळीतला बडा माणूस दुखापतीतून परतला, तर कुणाची तरी चेंडूवरची जागा जाणार आणि तो माणूस विंगवर किंवा गोलपाशी उभा राहणार. सुपरकोचमध्ये हे आणखी टोचतं, कारण तिथे प्रत्येक सामन्याचे मिळून 3,300 गुणच वाटले जातात. पातेल्यातली खीर तेवढीच. वाढलेल्या पाहुण्याबरोबर वाटी लहान होते. आणि उलटही: बचावपटू म्हणून नोंदलेला एखादा गडी मधल्या फळीत धावताना दिसला, तर भाव चढायच्या आत त्याला घ्यावा. या जागांची नोंद हंगामात अधूनमधून बदलते, पण मिळालेली जागा सहसा काढून घेत नाहीत.

बाकी दोन गोष्टी पटकन. डोक्याला मार बसून कन्कशन ठरलं, तर 2021 पासून किमान 12 दिवस सक्तीची विश्रांती असते. म्हणजे बहुधा एकच सामना हुकतो. एका सामन्यासाठी अव्वल माणूस विकू नका, बाकावरचं वासरू उतरवा. आणि हंगामाच्या मधोमध येणाऱ्या ‘बाय’च्या आठवड्यांत, क्लब आळीपाळीने सुट्टीवर असताना, आपल्या सगळ्या जागा मोजल्या जात नाहीत, सर्वोत्तम 18 आकडे धरतात. त्यामुळे मे महिन्यात घेतलेल्या माणसाची सुट्टी कधी आहे हे घेतानाच बघायचं. लग्न ठरवताना पाहुण्यांच्या गाड्यांची वेळ बघावी तसं.

आतापर्यंत बोललो ते यंत्राशी केलेल्या सौद्यांबद्दल. ड्राफ्ट लीगचा मामला निराळा. तिथे एक खेळाडू एकाच कोचकडे असतो, भाव-बिव काही नसतो, आणि तो हवा असेल तर समोरच्या जिवंत माणसाला पटवावं लागतं. आमच्या लीगमध्ये दहाजण आहेत, त्यात मी धरून दोघं मराठी. दुसरा नागपूरचा, आणि त्याच्याशी घासाघीस करणं म्हणजे बर्डीवर दुकानदाराशी हुज्जत घालण्यासारखं.

गेल्या मोसमात त्याचा फोन आला. “दोन बचावपटू देतो बे, एक दे. दोघंही नव्वदीचे आहेत.”

त्याला हवा होता माझा 115 वाला. बेरीज केली तर 180 विरुद्ध 115, म्हणजे मी मूर्खच ठरतो नाही म्हटलं तर. पण मला येणाऱ्या दोघांना जागा द्यायला माझा आणखी एक माणूस सोडावा लागणार होता, तो 80 चा. म्हणजे माझ्याकडून जाणार 195 आणि येणार 180. त्याच्याकडे मोकळी झालेली जागा तो उघड्या बाजारातून 75 च्या कुणाला तरी घेऊन भरणार. म्हणजे त्याचे 180 जाऊन 190 होणार. अशा सौद्यात अव्वल माणूस ज्याच्याकडे जातो, जिंकतो बहुधा तोच.

“माझा बचाव आधीच भरलाय,” मी म्हणालो. “तुझ्याकडे आघाडीचा जो आहे, तो एकटा दे आणि माझे दोन घे.”

तो हसला. आघाडीवीर दुर्मीळ, हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. मग मी त्याच्या संघाची यादी उघडली, त्याचे दोन मधले गडी एकाच आठवड्यात बायला जात होते ते दाखवलं, आणि पंधरा मिनिटं घासाघीस करून माझा मधल्या फळीतला 90 वाला देऊन त्याचा 85 चा आघाडीवीर घेतला. कागदावर मी 5 गुण हरलो. पण माझ्या आघाडीत 60 वाला उभा होता आणि त्याच्या मधल्या फळीला त्या आठवड्यात भगदाड पडणार होतं. दोघंही खूश होऊन फोन ठेवला. ड्राफ्टमध्ये समोरच्याला लुबाडायला गेलात, तर पुढच्या वर्षी तुमचा फोन कुणी उचलत नाही. दहाजणांची लीग म्हणजे गावच.

अर्थात गावात सगळेच सरळ नसतात. 18 क्लब, प्रत्येकाचा मुख्य रक एकच, म्हणजे चांगले रक मोजकेच. माझा मुख्य रक ज्या क्लबचा, त्याच क्लबचा दुसऱ्या फळीतला रक या नागपूरकराने गुपचूप उचलून बाकावर बसवून ठेवलाय. त्याला स्वतःला तो काडीच्या उपयोगाचा नाही. पण दर गुरुवारी संध्याकाळी, संघ जाहीर व्हायच्या दहा मिनिटं आधी, त्याचा न चुकता मेसेज येतो : “भाऊ, तुमच्या माणसाचा गुडघा कसा आहे?”