माळलेले शब्द : शेखर, वेणी, तुरा

एका वाचकांनी विचारलं आहे, ‘मुलाचं नाव शेखर ठेवलं. शेखर म्हणजे शिखर असंच आम्ही धरून चाललो. बरोबर ना?’ हा माझा इतका लाडका शब्द आहे की आज त्याच्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही.

शेखर आणि शिखर एकाच गोतातले, शिखेच्या. पण शिखर म्हणजे टोक, आणि शेखर म्हणजे डोक्यावर शेंडीपाशी माळलेली फुलं. चंद्रशेखर म्हणजे काय, ते आता पाहा. इतर जण जिथे फुलं माळतात तिथे शंकरानं चंद्र माळला! ‘श्रेष्ठ’, ‘शिरोमणी’ ही अर्थच्छटा नंतरची.

आपल्या पूर्वजांची या बाबतीतली बारकाई थक्क करणारी आहे. अमरकोशात फुलं कुठे घातली त्यावरून माळेचं नाव बदलतं. केसांच्या आत खोवली तर गर्भक, शिखेवरून खाली लोंबली तर प्रभ्रष्टक, पुढे कपाळाकडे आली तर ललामक. गळ्यातून सरळ सोडली की प्रालंब, छातीवर जानव्यासारखी तिरकी घातली की वैकक्षिक. शिखेवरच्या फुलांना तर दोन नावं : आपीड आणि शेखर. कोशकार अमरसिंह दोन्ही एकाच अर्थानं देतो. पण कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये ‘शेखरकापीडयोजन’ ही एक स्वतंत्र कला आहे, आणि तिथे जयमंगला टीकेत यशोधर फरक सांगतो. शेखरक शिखेच्या जागी लोंबता घालायचा. आपीड गोल गुंफून, काडीच्या आधारानं डोक्यावर बसवायचा. आपीडमध्ये ‘दाबणं’ या अर्थाचा पीड् धातू आहे, तेव्हा घट्ट बसणं त्याच्या नावातच आलं. भागवतातल्या कृष्णाचा मोरपिसांचा ‘बर्हापीड’ तो हाच. आणि हे सगळं पुरुषही हौसेनं करत. आज पुरुषाच्या कपाळावर फुलं येतात ती मुंडावळ्यांची, तीही लग्नापुरती.

मला यात सगळ्यात मोह पडतो तो एका गोष्टीचा : केसांचं नाव फुलांना मिळतं. शिखेवरून शेखर आला, तशीच आपली वेणी. वेणी म्हणजे आधी केसांचा पेड. मग अंबाड्याभोवती अर्धगोल बसणारी फुलांची पट्टीही वेणीच झाली. ती करताना पाहिली की नाव पटतं. केळीच्या सोपाचा ओला धागा घ्यायचा, अबोली किंवा शेवंतीच्या देठांना त्याचा वेढा द्यायचा, मध्ये मरव्याची काडी, पुन्हा वेढा. ओला सोप मऊ असतो, कोवळे देठ कापत नाही. बोटांची चाल अगदी केस विंचरून पेड घालतानाची.

तुऱ्याचंही तेच. हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि तिकडे त्याचा अर्थ कपाळावरची बट. बटेवरून तो पागोट्यावरच्या झुपक्यावर गेला, मग फुलांच्या गुच्छावर, शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात, कोंबड्याच्या डोक्यावर. शेवटी शेतातही पोचला : उसाला येणारा रुपेरी फुलोरा म्हणजे तुराच. शेतकऱ्याला मात्र तो नको असतो. तुरा आला की उसाची वाढ थांबते आणि तोडीची घाई करावी लागते.