धुराविना शिजलेले अन्न



केनियाच्या वायव्येस, तुर्कानाच्या रुक्ष प्रदेशात, काकुमा ही निर्वासितांची छावणी १९९२ साली उभी राहिली. शिधा मिळे, परंतु तो शिजवण्यास सरपण पुरत नसे. लाकूडफाट्यासाठी दूर जाणाऱ्या स्त्रियांना वाटेत हल्ल्याचे भय असे.

१९९५ पासून तेथे सौरचूल शिकवण्यात आली. घडीच्या पुठ्ठ्यावर चकचकीत वर्ख चिकटवलेला असतो. झाकण लावलेले काळे भांडे उष्णता सोसणाऱ्या पारदर्शक पिशवीत घालून त्यापुढे ठेवावे. वर्ख ऊन एकवटतो, काळा रंग ते शोषतो, पिशवी उष्णता निसटू देत नाही. दोन-तीन तासांत भात न करपता शिजतो.

परिचारिकेच्या दृष्टीने दोन लाभ मोठे आहेत. चुलीच्या धुराने बालकांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. येथे धूरच नाही. शिवाय पाणी ६५ अंश सेल्सिअसवर काही मिनिटे राहिले तरी त्यातील रोगजंतू मरतात. उकळावे लागत नाही.

ढगाळ दिवशी व रात्री मात्र ही चूल निरुपयोगी. त्यासाठी कमी लाकूड खाणारी बंदिस्त चूल हवी, आणि गवत भरलेली टोपलीही. उकळते भांडे तीत झाकून ठेवले की उरलेले शिजणे आपोआप होते. शब्बाथसाठी अन्न ऊन राखणाऱ्या आपल्या भगिनींना हे तत्त्व नवे नाही.

साधन वाटून भागत नाही. शेजारणीने शेजारणीला शिकवले, तरच ते घरात टिकते.