झेरॉक्स मशीन दुरुस्ती शिकणाऱ्यांसाठी थोडं

जुलैत कर्जतच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याला विचारा, कागद अडकायचा वैताग असतोच. पावसाळी हवेत कागद ओलावा धरतो, कडा वळतात, टोनर नीट उतरत नाही. नवशिका थेट कार्ट्रिज बदलायला सांगतो. शिकलेला आधी रिम हातात घेतो.

प्राथमिक प्रमाणपत्राचा खरा फायदा हाच, असं माझं ठाम मत आहे. 'कॉम्पटिया ए प्लस' या प्रमाणपत्राच्या अभ्यासात लेझर छपाईचे सात टप्पे येतात: प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोजिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूजिंग, क्लीनिंग. हा क्रम डोक्यात पक्का बसला की दोष कुठे शोधायचा ते कळतं. पानावर तोच डाग ठरावीक अंतराने उमटतोय? पट्टी लावा. 24 मिमी व्यासाच्या ड्रमचा परीघ सुमारे 75 मिमी. अंतर तेवढंच आलं तर ड्रम तपासा, उगाच फ्यूजर खोलू नका. गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात आणि ते पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावतं.

ए प्लसचे दोन पेपर असतात, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. फी मात्र आपल्याकडच्या पोरांना जड जाते. म्हणून दहावीनंतर आयटीआयचा हार्डवेअरचा ट्रेड किंवा इलेक्ट्रॉनिक्स सेक्टर स्किल कौन्सिलचा 'फील्ड टेक्निशियन – कम्प्युटिंग अँड पेरिफेरल्स' हा कोर्स आधी बघा.

सोबत खोपोली-कर्जतच्या एखाद्या दुकानात उमेदवारी कराच. आणि तिथे काम करताना लक्षात ठेवा, फ्यूजर 200 अंशांच्या आसपास तापतो. मशीन बंद करून थंड होईपर्यंत आत हात घालू नका.