उजळणीच्या कार्डांची निवड

पाठ झालेला पाढा सुटीनंतर मुलास आठवत नाही, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव होय. नवे शिकलेले आरंभी झपाट्याने विस्मृतीत जाते व पुढे हा वेग मंदावतो, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांवरून दाखविले. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा निरनिराळ्या दिवशी केलेली उजळणी अधिक टिकते, हेही त्यांना आढळले.

१९७२ साली सेबास्टियन लाइटनर यांनी याकरिता कार्डांची पेटी सुचविली. कार्डाच्या एका बाजूस ‘७ × ८’ व दुसऱ्या बाजूस ‘५६’ लिहावे. उत्तर बरोबर आल्यास कार्ड पुढील कप्प्यात जाते. चुकल्यास पहिल्या कप्प्यात परत येते. पहिला कप्पा रोज पाहावा. पुढील कप्पे उत्तरोत्तर अधिक दिवसांनी पाहावेत.

संगणकीय कार्यक्रम हेच काम हिशेबाने करतात. पोलंडमधील प्योत्र वोझ्नियाक यांनी १९८७ साली ‘सुपरमेमो’ रचला. त्याच्या एका जुन्या पद्धतीत पहिली उजळणी १ दिवसाने व दुसरी त्यानंतर ६ दिवसांनी होते. पुढील प्रत्येक अंतर आधीच्या सुमारे अडीचपट, म्हणजे १५, मग ३८ दिवस, असे वाढते. कठीण ठरलेल्या कार्डाचे अंतर कमी वेगाने वाढते. २००६ साली निघालेला ‘अंकी’ याच पद्धतीवर उभारला गेला. २०२३ पासून त्यात शिकणाऱ्याच्या पूर्वीच्या उत्तरांवरून अंतर ठरविण्याचीही सोय आहे.

निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) कार्यक्रम इंटरनेटशिवाय चालतो काय?

(२) देवनागरी अक्षरे नीट दिसतात व उच्चार ऐकविता येतो काय?

(३) मूल्य किती? ‘अंकी’ संगणकावर व अँड्रॉइड फोनवर विनामूल्य आहे. आयफोनवर त्याचे अ‍ॅप विकत घ्यावे लागते.

(४) केलेली कार्डे बाहेर काढून अन्यत्र नेता येतात काय? न आल्यास कार्यक्रम बंद पडताच सर्व श्रम वाया जातात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हा हिशेब एकाच व्यक्तीच्या स्मरणाचा असतो. एका फोनवर सारा वर्ग उत्तरे देऊ लागला, तर एकाचे बरोबर उत्तर दुसऱ्याची उजळणी लांबवील, आणि मागे पडलेल्या मुलाचेच नुकसान होईल. म्हणून ज्यास स्वतंत्र साधन आहे त्याने ‘अंकी’ वापरावा. वर्गासाठी प्रत्येक मुलाची पुठ्ठ्याची पेटी करावी. कार्ड पेटीत जाण्यापूर्वी त्यातील अर्थ मुलास समजला असल्याची खात्री मात्र शिक्षकांनीच करून घ्यावी.