बियाणं फसलं, तर शेजाऱ्याला हसू नका



सोयाबीन उगवलं नाही की पारावर पहिला सवाल येतो, “बियाणं घेताना डोळे मिटले होते का?” मग तो शेतकरी लाजून गप्प बसतो, पिशवी फेकून दुबार पेरणी करतो. पुरावा जातो नि फसवणारा सुटतो.

2020 च्या खरिपात राज्यभर हजारो तक्रारी झाल्या, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

पेरणी खोल गेली की बियाणंच बोगस, हे पंचनाम्यात ठरतं, पारावर नाही. म्हणून पावती, टॅगसह पिशवी आणि उरलेलं बियाणं जपून ठेवा. दुबार पेरणीआधी पाटोद्याला तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

शेजारी फसला, तर अर्ज द्यायला त्याच्यासोबत चला. आज त्याची पाळी, उद्या आपली.