मानसोपचार सुरू करण्यापूर्वी : बारडोली परिसरातील मराठी कुटुंबांसाठी

तापीच्या खोऱ्यातून जाणारा जळगाव-उधना लोहमार्ग नंदुरबार व नवापूर ही महाराष्ट्रातील स्थानके मागे टाकून सोनगड, व्यारा आणि मढीवरून बारडोलीस पोहोचतो. १९२८ च्या सत्याग्रहामुळे सर्व देशास परिचित झालेले सुरत जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण पुढे सहकारी साखर कारखानदारीमुळेही नावारूपास आले. ऊसतोडणीच्या हंगामात नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे या भागात येतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या ऊसतोड मजुरांविषयी जे संशोधन केले, त्यामुळे या स्थलांतराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. मजुरांखेरीज नोकरी, व्यापार व शिक्षण यांच्या निमित्ताने येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्याही लक्षणीय आहे.

घरापासून दूर राहणाऱ्या माणसास ताप आला किंवा कोयता लागला, तर दवाखाना कोठे आहे हे तो शेजाऱ्यास विचारतो. परंतु महिनोन्महिने झोप न येणे, विनाकारण धडधड होणे, कशातच मन न लागणे, उचल कशी फिटणार या विचाराने जेवण न जाणे, अशा तक्रारी सहसा कोणापाशी बोलून दाखविल्या जात नाहीत. बेंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेता विज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय सर्वेक्षण केले. त्यात गुजरातचा समावेश होता. दर शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा ते अकरा व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांपैकी बहुसंख्यांना कोणतेही उपचार मिळत नव्हते, असे या पाहणीत आढळून आले.

जे उपचारासाठी जातात, त्यांपैकीही अनेक जण एक-दोन भेटींनंतर येणे थांबवितात. आपण कोणाकडे जात आहोत, तेथे काय होणार आहे, किती दिवस लागतील, याची पूर्वकल्पना नसणे हे त्याचे एक मोठे कारण होय. ज्याचा एक दिवसाचा रोज बुडतो, त्याच्या दृष्टीने वाया गेलेली फेरी ही लहान गोष्ट नव्हे. पुष्कळदा त्यानंतर तो दुसऱ्यांदा जातच नाही. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वीच काही गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे कोण?

मनोविकारतज्ज्ञ (सायकिॲट्रिस्ट) हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात. ते शरीराची तपासणी करून औषधे लिहून देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) औषधे देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्यांद्वारे अडचणीचे स्वरूप निश्चित करणे आणि संभाषण, सराव व वर्तनातील नियोजित बदल यांच्या साहाय्याने उपचार करणे, हे त्यांचे कार्य होय. समुपदेशक मुख्यत्वे अभ्यास, विवाह, नोकरी यांसारख्या जीवनातील प्रश्नांबाबत साहाय्य करतात. पुष्कळ रुग्णांना औषध व मानसोपचार या दोहोंची एकत्रित आवश्यकता असते. त्यामुळे एकाने दुसऱ्याकडे पाठविले, तर आपणास टाळले गेले असे समजू नये.

थायरॉईड ग्रंथीचे विकार, रक्तक्षय, जीवनसत्त्वांची कमतरता यांमुळेही थकवा, उदासी व चिडचिड उद्भवू शकते. यास्तव प्रथम साधी वैद्यकीय तपासणी करून घेणे हितावह ठरते. चालू असलेली औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत.

पात्रतेची खात्री

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावे, हे त्यात स्पष्ट केले आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने (आर. सी. आय.) मान्यता दिलेल्या संस्थेतून घेतलेली या विषयातील मान्यताप्राप्त अर्हता, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणासह पूर्ण केलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. अभ्यासक्रम, या अर्हता कायद्याने ग्राह्य धरल्या आहेत. परिषदेकडे नोंद झालेल्या व्यक्तीस नोंदणी क्रमांक मिळतो. पहिल्या भेटीपूर्वी हा क्रमांक विचारण्यात कोणताही अविनय नाही. अर्हताप्राप्त व्यक्ती तो आनंदाने सांगते.

पहिल्या भेटीत काय होते?

एक भेट साधारणपणे पाऊण ते एक तासाची असते. पहिल्या एक-दोन भेटी मुख्यत्वे माहिती घेण्यात जातात. त्रास केव्हा सुरू झाला, तो केव्हा वाढतो, झोप व भूक कशी आहे, घरात कोण कोण आहे, पूर्वी कोणते उपचार झाले, व्यसन आहे काय, जीव नकोसा वाटतो काय, असे प्रश्न विचारले जातात. शेवटचा प्रश्न ऐकून दचकण्याचे कारण नाही. तो विचारल्याने तसा विचार मनात येत नाही. उलट, असलेला विचार बोलून दाखविण्यास वाट मिळते.

त्यानंतर उपचाराचे उद्दिष्ट उभयतांनी मिळून ठरवावयाचे असते. "बरे वाटावे" एवढेच उद्दिष्ट पुरेसे नसते. "रात्री सलग पाच तास झोप लागावी", "बाजारात एकटे जाता यावे", "मुलांवर हात उगारला जाऊ नये", अशी ठोस उद्दिष्टे ठरविली म्हणजे सुधारणा मोजता येते. अल्बर्ट एलिस व ॲरन बेक या अमेरिकन तज्ज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित केलेल्या पद्धतींत घटनेइतकेच महत्त्व त्या घटनेविषयीच्या विचारास दिले जाते. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य कि. मो. फडके यांनी केले. अशा उपचारात रुग्णास दोन भेटींच्या दरम्यान घरी करावयाचा सराव दिला जातो. तो केल्यास लाभ अधिक होतो.

मानसोपचार म्हणजे उपदेश नव्हे. तज्ज्ञ आपणास काय करावे ते सांगून मोकळे होत नाहीत, किंवा कोणाची चूक आहे याचा निवाडाही करीत नाहीत. प्रारंभी जुन्या गोष्टी निघाल्याने काही दिवस मन अधिक जड झाल्यासारखे वाटू शकते. तसे झाल्यास पुढील भेटीत ते सांगावे. परस्पर उपचार सोडू नयेत.

भाषेचा प्रश्न

बारडोलीसारख्या ठिकाणी हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. बाजारात चालणारी गुजराती किंवा हिंदी दुःख सांगण्यास पुरतेच असे नाही. मराठी, अहिराणी, भिली, मावची वा पावरी बोलणाऱ्या माणसास आपल्या मनातील भाव परक्या भाषेत मांडता आला नाही, तर त्याची अडचण पूर्णपणे तज्ज्ञांच्या लक्षात येत नाही. म्हणून भेटीची वेळ ठरवितानाच कोणती भाषा समजते, हे विचारून घ्यावे. दुभाष्याची आवश्यकता असल्यास ते काम शक्यतो घरातील व्यक्तीकडे, विशेषतः मुलांकडे, देऊ नये. मुकादमाकडे तर ते मुळीच सोपवू नये. ज्याच्याकडून उचल घेतली आहे, त्याच्यासमोर कोणीही मोकळेपणाने बोलणार नाही.

गोपनीयता आणि तिच्या मर्यादा

आपले बोलणे बाहेर जाईल, ही भीती सर्वांत मोठी असते. २०१७ च्या कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मालक, मुकादम किंवा शेजारी यांना माहिती देता येत नाही. तथापि काही अपवाद आहेत. कोणाच्या जिवास धोका असेल, दुसऱ्यास इजा होण्याचा संभव असेल किंवा सक्षम न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्याच भेटीत समजावून घ्यावेत. आपल्या उपचाराच्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्कही रुग्णास आहे.

काळ, खर्च आणि हंगाम

अनेक तक्रारींसाठी आठवड्यास एक याप्रमाणे दहा ते वीस भेटी लागतात. काहींना कमी, तर काहींना पुष्कळ अधिक काळ लागतो. फी किती, भेट चुकल्यास काय नियम आहे, दूरध्वनीवरून भेट होऊ शकते काय, हे आधीच विचारावे. हंगामी मजुराने आपण किती महिने या भागात राहणार आहोत, हे पहिल्या दिवशीच सांगणे अत्यंत आवश्यक आहे. तज्ज्ञ त्यानुसार उपचाराची मर्यादित आखणी करू शकतात. गावी परतताना झालेल्या उपचारांचा लेखी सारांश मागून घ्यावा. तो नंदुरबार किंवा धुळे येथील शासकीय रुग्णालयात दाखविल्यास सर्व कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

दारिद्र्यरेषेखालील रुग्णास, त्याच्याजवळ शिधापत्रिका वा तत्सम कार्ड असो वा नसो, शासकीय मानसिक आरोग्य संस्थांत विनामूल्य उपचार मिळण्याचा हक्क उपरोक्त कायद्याने दिला आहे. कागदपत्रे गावी राहिलेल्या स्थलांतरिताच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. ज्यांचा आरोग्य विमा आहे, त्यांनी आपल्या पॉलिसीतील तरतूद पाहावी. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा उपलब्ध करून देणे कायद्याने विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे.

कोठे जावे?

बारडोलीहून सुरत सुमारे ३५ किलोमीटर आहे. तेथील नवीन सिव्हिल हॉस्पिटल हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून तेथे मनोविकार विभाग आहे. प्रत्यक्ष जाणे शक्य नसल्यास केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो निःशुल्क असून रात्रंदिवस चालू असतो. मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत बोलण्याची सोय त्यावर आहे. जीव देण्याचे विचार तीव्र झाले असतील, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता याच क्रमांकावर बोलावे किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये आणि कीटकनाशके तिच्या हाती लागणार नाहीत अशी दक्षता घ्यावी.

कुटुंबीयांचे कर्तव्य

घरातील कोणी उपचार घेऊ इच्छित असेल, तर त्यास "वेड लागले काय" असे विचारणे म्हणजे त्याचे पाऊल मागे ओढणे होय. पहिल्या भेटीस सोबत जावे, परंतु आत काय बोलणे झाले ते खोदून विचारू नये. भगताकडे वा देवस्थानास जाण्याची ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनीही उपचार थांबवू नयेत. चार-सहा भेटींनंतर काहीच फरक जाणवला नाही, तर तसे तज्ज्ञांस स्पष्ट सांगावे. पद्धत बदलता येते, प्रसंगी तज्ज्ञही बदलता येतो. त्यात कोणाचा अपमान नाही.

पात्रता, भाषा, गोपनीयता, काळ व खर्च यांविषयी पहिल्याच दिवशी विचारलेले चार प्रश्न पुढील कित्येक फेऱ्या वाचवितात. ते विचारण्याचा हक्क ऊसतोड मजुरास आहे, तसाच तो नोकरदारास व विद्यार्थ्यासही आहे. उपचार हे रुग्ण व तज्ज्ञ यांनी मिळून करावयाचे काम आहे. माहिती घेऊन आलेला रुग्ण त्या कामात पहिल्या दिवसापासून सहभागी होतो.