आत्याच्या लग्नाच्या निगेटिव्ह

आमच्या घरात लग्नाचा छायाचित्रकार ठरविण्याचा प्रसंग माझ्या स्मरणात तीन वेळा आला, आणि आज त्यांचा मागोवा घेताना असे ध्यानात येते की, निवडीचे निकष दर वेळी पालटले, तरी मुहूर्त उलटून गेल्यावर ही छायाचित्रे सांभाळणार कोण, हा पहिल्या वेळी कोणालाच न सुचलेला प्रश्न अखेरपर्यंत तसाच उभा राहिला.

पहिला प्रसंग १९५८ च्या वैशाखातला, पुण्यात आत्याच्या विवाहाचा. ज्याने घरातल्या मुंजींची छायाचित्रे काढली होती त्या नदीकाठच्या स्टुडिओवाल्यालाच आजोबांनी विसार दिला व दोन रोल मंजूर केले. एका रोलवर चौकोनी बारा चित्रे उमटत. म्हणजे सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत अवघी चोवीस. फ्लॅशचा बल्ब एकदाच उजळे आणि तापलेला बल्ब काढून नवा बसवीपर्यंत अंतरपाट दूर होण्याचा क्षण कधीच निघून गेलेला असे. म्हणून त्या गृहस्थांनी आदल्या दिवशी भटजींजवळ बसून विधींचा क्रम, अंतरपाट ओढण्याची बाजू, मामांची उभे राहण्याची जागा हे सारे विचारून घेतले. त्याच विचारपुशीत त्यांना कळले की, मंगलाष्टके चालू असताना आमची आजी, रिवाजाप्रमाणे, मांडवात नसून मागल्या अंगणात तुळशीला पाणी घालीत असेल. चोविसांतले एक चित्र त्यांनी तिच्यावर खर्च केले. आजीचे दुसरे छायाचित्र घरात नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीचे पाणी त्या स्टुडिओत शिरले आणि कपाटातल्या निगेटिव्ह चिखलात गेल्या. वास्तविक १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, विरुद्ध करार नसेल तर, मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार ते काढविणाराच असतो. परंतु हक्क आमचा आणि जिन्नस दुसऱ्याच्या कपाटात, अशी ती वहिवाट होती, आणि निगेटिव्ह मागून आणाव्यात हे तीन वर्षांत कोणाच्या मनात आले नाही. याची हळहळ मला आजही वाटते.

दुसरा प्रसंग १९८३ चा, सर्वांत धाकट्या बहिणीचा. तेव्हा नमुन्याचे अल्बम पाहून आम्ही रंगांच्या टवटवीवर भाळलो. त्या छपाईतली रंगद्रव्ये हळूहळू उडाली, हिरवा शालू आता तांबूस दिसतो. आत्याच्या लग्नातली कृष्णधवल चित्रे मात्र, त्यांतली प्रतिमा चांदीची असल्याने, अद्याप खणखणीत आहेत.

२०११ मध्ये मुलीच्या लग्नाच्या वेळी अनेक छायाचित्रकार आपापली निवडक चित्रे घेऊन आले. पन्नास लग्नांतली पन्नास उत्तम चित्रे कोणीही दाखवू शकतो, म्हणून मी प्रत्येकाकडे एकच लग्न आरंभापासून अखेरपर्यंत पाहावयास मागितले. मुलीने त्याहून शहाणपणाची तजवीज केली. तिने आत्याचा अल्बम त्यांच्यापुढे ठेवला. बहुतेकांनी अंतरपाटाच्या चित्रातल्या प्रकाशाची वाखाणणी केली. एका तरुणाने मात्र पान उलटून, ‘तुळशीपाशी या कोण?’ असे विचारले. विसार त्यालाच मिळाला, आणि सर्व मूळ चित्रे दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर महिन्याभरात आमच्या हवाली करावीत, असे कलम मुलीने करारात स्वतःच्या हाताने लिहिले.

चित्रे अडीच हजारांवर निघाली. आत्याच्या लग्नाची चोवीस मला क्रमाने पाठ आहेत. ही अडीच हजार सलग बसून पाहणे अद्याप कोणाच्याच हातून झालेले नाही. एक डिस्क मुलीकडे आहे, दुसरी माझ्या कपाटात, आत्याच्या अल्बमखाली.